नमुन्याला नेलेला चार्जर

त्या हंगामात आमच्या घरात चार्जरनंही मार खाल्ला.

मी तेव्हा जानेफळला घरीच टायपिंगची कामं घ्यायची. शाळांच्या प्रश्नपत्रिका, लग्नपत्रिकांचे मजकूर, कुणाचे अर्ज. लॅपटॉप जुना असला तरी तक्रार न करता चालायचा. छळ मांडला होता तो त्याच्या चार्जरनं. काळ्या डब्यातून वायर जिथून बाहेर येते तिथं ती आतून तुटत आली होती. वायर एका बाजूला वाकवून तिच्यावर अडकित्ता ठेवला की चार्जिंगचा दिवा लागायचा. घरात कुणी जोरानं पाऊल आपटलं की विझायचा.

एका दुपारी मी वायर सरळ करायला गेले आणि डब्याजवळ चट् करून ठिणगी उडाली. बोटांपासून कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या. मी ओरडले. दादा शेजारच्या खोलीत जेवत होता. तो उष्ट्या हातानं धावत आला, प्लग उपटला, आणि मला काही झालं का हे विचारायच्या आधी त्यानं चार्जर वायरीला धरून भिंतीवर हाणला. मग पुन्हा हाणला. गिलाव्याचे पोपडे कीबोर्डवर सांडले तरी तो हाणतच राहिला.

"दादा, पुरे झालं!"

"घर जाळन हे एखांद्या दिवशी! घर जाळन!"

डब्याला साधा तडाही गेला नाही. दादानं तो माझ्या पलंगावर फेकला आणि पुन्हा ताटावर जाऊन बसला. मी डोकावून पाहिलं तर जेवत नव्हता. भाकरीचा तुकडा हातात धरून नुसता भिंतीकडे बघत होता. वहिनी त्याच्याजवळ जायलाही घाबरत होती.

तो राग चार्जरवरचा नव्हता, हे मला कळत होतं. वडिलांच्या मागं दादा त्यांचं कृषी केंद्र चालवायचा. कपाशीचं बीटी बियाणं, खत, फवारणीची औषधं. 'बीटीला बोंडअळी लागत नाही' हे वाक्य मी त्या दुकानात शाळेत असल्यापासून ऐकत आले. आधी वडील म्हणायचे, मग दादा म्हणू लागला, आणि बरीच वर्षं ते खरंही होतं. त्या वर्षी ते खोटं ठरलं. बोंड बाहेरून हिरवंगार, टणक. फोडलं की आत गुलाबी अळी, सरकी पोखरलेली, कापूस पिवळा पडून चिकटलेला.

असलं पहिलं बोंड दुकानात आणलं ते काकांनी. नात्यातले नव्हते. जवळच्या खेड्यातले, वडिलांच्या वेळचे गिऱ्हाईक, म्हणून मी काका म्हणायची. बोलके होते. मी दिसले की लॅपटॉपवरून विचारायचे, "काय बाई, अजून बडवूनच राह्यली का ते पेटी?" त्या दिवशी ते माझ्याशी बोलले नाहीत. बोंड काउंटरच्या काचेवर ठेवलं, अंगठ्याच्या नखानं फोडलं आणि आतली अळी बाहेर काढून दादापुढं सोडली.

"हे पाह्य."

"कंपनीले कळवतो, काका."

"कळव," एवढंच म्हणून ते गेले.

नंतर जे आले ते बोंडं हातात घेऊन आले आणि आवाज चढवून आले. एके सकाळी मी दादाचा डबा घेऊन दुकानात गेले तेव्हा दोघांनी त्याचे हात मागं धरले होते आणि लाल शर्ट घातलेला एक तरुण त्याच्या तोंडात बोंड कोंबत होता. वाळलेल्या बोंडाची टोकं काट्यासारखी असतात. दादानं दात आवळून धरले होते, म्हणून ती टोकं ओठात घुसत होती.

"तूच म्हने ना लागत नाही? मंग खाय! खाय ना बे!"

मी डबा टाकून ओरडले, तशी बाजारातली दोनचार माणसं धावली आणि ते तिघं निघून गेले. दादा काउंटरखाली वाकून बराच वेळ थुंकत होता. रक्त, कापूस आणि अजून काहीतरी. तोंड पुसत मला म्हणाला, "वहिनीले सांगू नको." दुकानाचं शटर त्यानं त्याच वेळी ओढलं. चार्जर भिंतीवर आपटला तो त्यानंतरच्या दोनतीन दिवसांतच.

आपटल्याच्या दुसऱ्या दिवशी तोच म्हणाला, "चाल, खामगावले जाऊ. तुह्या चार्जर घिऊ. मलेबी डीलरले भेटाचं हाय. लोकायले काय सांगू, ते तरी इचारतो त्याले." लॅपटॉप पिशवीत घालताना वर म्हणाला, "जुना चार्जर संगं घे, नमुन्याले. पिन भलतीच आली तं पुन्हा चक्कर."

मोटारसायकलवर निघालो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कपाशीत बकऱ्या सोडल्या होत्या. काही ठिकाणी उभी पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, उपटून ढीग घातले होते आणि ते जळत होते. घाट उतरून खामगावला आलो.

लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान बाजारातल्या एका अरुंद गल्लीत होतं आणि दादाचा बियाण्याचा डीलर त्याच गल्लीच्या टोकाला. दादानं मला दुकानात सोडलं आणि तो पुढं गेला. दुकानदार पन्नाशीचे मुसलमान गृहस्थ. चष्मा कपाळावर चढवलेला, समोर उघडे पडलेले दोन लॅपटॉप. त्यांनी माझा चार्जर हातात घेतला, त्याच्यावर चिकटलेला चुन्याचा पोपडा नखानं काढला.

"याले कोनं मारलं व्हय?"

"भावानं."

ते हसले. पिन मापून पाहिली, मागचं बारीक अक्षर वाचलं, चार्जर मला परत दिला. "हा आता जिता नाही होत. नवाच घ्या. पिन आन् व्होल्ट जुयले पाहिजे, बस." आणि मागच्या फळीवरचे खोके खाली काढायला लागले.

तेवढ्यात गल्लीच्या टोकाकडून घोषणा ऐकू आल्या. मला वाटलं मोर्चा असेल. मोर्चाच होता. घाटावरच्या गावांतली माणसं उपटलेली पऱ्हाटी ट्रॉल्यांत भरून डीलरच्या दारात टाकायला आली होती. आम्हाला याची काही खबर नव्हती. डीलरला असावी, कारण तो सकाळीच कुलूप लावून निघून गेला होता. लोकांना मिळालं ते बंद दार, आणि त्या दारासमोर उभा असलेला माझा भाऊ.

कुणीतरी ओरडलं, "हा पाह्य! जानेफळवाला! यानंच देल्लं बियानं!"

दादा आमच्या दिशेनं पळत सुटला. मी दुकानाच्या दारात आले तेव्हा तो माझ्यापासून दहाएक पावलांवर होता. मागून कुणीतरी पऱ्हाटीची अख्खी पेंढी त्याच्या पायात फेकली. तो तोंडावर आपटला. आणि त्याच क्षणी माझ्या खांद्याला धरून दुकानदारानं मला आत ओढलं आणि खाडकन शटर पाडलं.

अंधार झाला. बाहेर मारल्याचे आवाज येत होते. काठीचे नव्हेत. वाळक्या पऱ्हाटीचा आवाज वेगळा असतो, सपकन येतो आणि शेवटी मोडतो. मग दुसरी पऱ्हाटी.

"उघडा! भाऊ हाय माह्या तो! उघडा ना!"

"बहन, ऐक माझं. आता उघडलं तं ते आत घुसतीन. दुकान जाईन, जाऊ दे. पन मी मधात पडलो तं हे भांडन मंग बियान्याचं राहत नाही. तुले समजून राह्यलं ना, मी काय म्हनतो ते?"

समजत होतं. त्या वेळी ते समजून घ्यायची माझी इच्छा नव्हती. मी शटरवर हात आणि डोकं आपटत राहिले. बाहेरून दादाचा आवाज आला. लहानपणी विहिरीत पडला होता तेव्हा तो असा ओरडला होता, नंतर कधीच नाही. दुकानदारानं डोळे मिटून घेतले. मग खाली वाकून शटर गुडघ्याएवढं उचललं.

"जाय," ते म्हणाले. "खालून जाय."

मी सरपटत बाहेर आले. चार्जर माझ्या हातातच होता. उभी राहता राहता मी वायरीचे दोन वेढे मुठीला घेतले आणि तो डबा डोक्यावरून फिरवला.

दादा गुडघ्यांवर आणि हातांवर होता. शर्ट फाटून कमरेला लोंबत होता आणि पाठ कुणी लोखंडी फणीनं विंचरावी तशी उकलली होती. त्याच्यावर एक माणूस वाकलेला होता, पाठमोरा, पांढरा दुपट्टा बांधलेला. पहिला फटका मी त्याच्या कानामागं घातला. तो वळला. दुसरा तोंडावर बसला, आणि दात मोडल्याचा आवाज मला नीट ऐकू आला. दुपट्टा घसरला तेव्हा मी पाहिलं, ते काका होते. ओळख पटल्यावरही मी तिसरा फटका घातला.

काका खाली बसले आणि रस्त्यावर थुंकले.

"बाई हाय बे, बाई हाय," असं कुणीतरी म्हणालं आणि भोवतालची माणसं हातभर मागं सरली. मी कुणाकडे न बघता डबा फिरवत होते. अंगात असा जोर आला होता की तो थांबूच नये असं वाटत होतं. भीती केव्हाच गेली होती. कुणाच्या हातावर लागला, कुणाच्या खांद्यावर. दर फटक्याला मला बरं वाटत होतं.

मग लाल शर्टवाला तो तरुण पुढं आला, ज्यानं दादाच्या तोंडात बोंड कोंबलं होतं. त्यानं फिरती वायर हवेतच पकडली आणि असा हिसका दिला की मी गुडघ्यांवर आपटले आणि वायर माझ्या मुठीतून चामडी सोलत सुटली. त्यानं मला बाजूला लाथाडलं आणि ती वायर मागून दादाच्या गळ्यात घातली.

"तुले बी फास लावून पाहू का? कसं लागते पाह्य!"

दादाचे हात हवेत गेले. चेहरा आधी लाल झाला, मग काळसर. मी त्या तरुणाच्या मनगटाला दातांनी धरलं. फवारणीच्या औषधाची कडू चव तोंडात आली, मग रक्ताची. त्यानं दुसऱ्या हाताची मूठ माझ्या कानशिलावर मारली, पुन्हा मारली. मी सोडलं नाही. त्याचंही तसंच होतं, तोही सोडत नव्हता.

शटर धाडकन वर गेलं. दुकानदार शटर ओढायचा लोखंडी आकडा दोन्ही हातांत धरून बाहेर आले आणि काहीही न बोलता त्यांनी तो त्या तरुणाच्या कोपरावर मारला. तो किंचाळला, वायर सुटली. दुकानदारानं दादाच्या दोन्ही काखांत हात घालून त्याला पोत्यासारखं आत ओढलं, मी मागोमाग पडले, शटर पुन्हा खाली आलं.

मग दगड सुरू झाले. पत्र्याला एकेक पोचा आतल्या बाजूला उमटत होता. दादा फरशीवर कुशीवर पडून हवा ओढत होता, दर श्वासाला शिट्टीसारखा आवाज. दुकानदार शटरला पाठ लावून बसले होते आणि दगड बसला की त्यांची पाठ हलत होती.

मी म्हणाले, "तुम्ही शटर पाडलं होतं."

"हाव, पाडलं," ते म्हणाले. "आन् उचललं बी."

त्यांनी माठातलं पाणी आणून दादाचं तोंड पुसलं.

शिट्ट्या वाजल्या, पोलिसांची गाडी आली, पळापळ झाली. शटरच्या फटीतून मी पाहिलं. पळणारे पळाले. लाल शर्टवालाही पळाला. काका मात्र होते तिथंच बसले होते, तोंडाला दुपट्टा लावून. चक्कर आली असावी. पोलिसांच्या हाती लागलेला माणूस तोच. पोलीस तिघं होते. पहिल्या काठीला काका उठायला गेले, दुसरीला पडले. मग त्या तिघांनी त्यांच्या पायांवर, नडगीवर, पुन्हा त्याच जागी, असं मारलं की मी फटीतून डोळा काढून घेतला. सुरुवातीला मला समाधान वाटलं होतं, हे मी लपवत नाही. नडगीचं हाड मोडल्याचा आवाज आला तेव्हा ते समाधान संपलं. काका ओरडत नव्हते. "बस झालं साहेब, बस झालं," असं नम्रपणे म्हणत होते, पुढ्यातल्या ताटात कुणी जास्त वाढावं तसं.

शटर वर झाल्यावर पोलिसांच्या साहेबांनी विचारलं, "यातलं कोण होतं?"

दादा बोलू शकत नव्हता. त्यानं काकांकडे बोट केलं.

"आणि तुम्ही? तुम्ही पाहिलं का यांना मारताना?"

मी पाहिलं होतं ते एवढंच, की काका दादावर वाकले होते. ते मारत होते की इतरांना अडवत होते, हे मला खरंच माहीत नव्हतं. मी तसंच सांगितलं. दादानं मान वळवून माझ्याकडे असं पाहिलं की बोंड कोंबणाऱ्याकडेही त्यानं तसं पाहिलं नव्हतं.

रस्त्यात पडलेला चार्जर एका हवालदारानं मेलेल्या उंदरासारखा वायरीला धरून उचलला. "हे काय आहे?"

"लॅपटॉपचा चार्जर."

त्यानं तो पिशवीत घातला आणि जप्त केला. दादाला दवाखान्यात न्यायला रिक्षा आली तेव्हा दुकानदारानं माझा लॅपटॉप काउंटरवर उघडला, नव्या खोक्यातला चार्जर काढून त्याला लावला. दिवा लागला. त्यांनी वायर दोन्ही बाजूंना वाकवून पाहिली, दिवा गेला नाही. सगळं पिशवीत भरून त्यांनी माझ्या खांद्याला अडकवलं.

गुन्हे दोन्हीकडून दाखल झाले. दादानं काकांवर केला, काकांच्या मुलानं माझ्यावर. लाल शर्टवाला पुण्याकडं कुठं कामाला निघून गेला, सापडला नाही. तारखांना खामगावच्या कोर्टात आम्ही एकमेकांसमोर बसायचो. काका कुबडी घेऊन यायचे, संगं काकू असायच्या. पुढं गावातल्या चार माणसांनी बसून समेट घडवला. सह्या झाल्या. कोर्टाच्या आवारात आम्ही सगळे निंबाच्या सावलीत उभे होतो. त्या मारामारीनंतर काका पहिल्यांदाच माझ्याशी बोलले.

"बाई, एक इचारू? तो डब्बा कायचा होता?"

"चार्जर होता, काका. लॅपटॉपचा."

"मले वाटलं फडक्यात गोटा बांधून आनला हिनं." ते हसले. वरचे नवे दात पांढरेशुभ्र दिसले. मलाही हसू आलं.

मग मी त्यांना तो प्रश्न विचारला. "तुम्ही त्या दिवशी दादाले मारून राह्यले होते, का लोकायले आवरून राह्यले होते?"

काकांनी दादाकडे पाहिलं. तो चार हातांवर उभा होता, ऐकत होता.

"मारतच होतो, माय. खोटं कायले बोलू? बियानं यानं बनवलं नाही, हे मले समजत नोतं का? पन जो हाती लागते त्यालेच मारते मानूस."

दादा तीन ढांगांत आला आणि त्यानं काकांच्या तोंडात मारली. समेटावरची सही वाळली नसेल. काकांची कुबडी एकीकडे, काका एकीकडे, आणि त्यांचे नवे दात निसटून मातीत पडले. दादा पुन्हा हात उगारत होता. मी त्याच्या कमरेला मिठी मारली, वकील धावले, दोन शिपाई धावले. काकांनी हात उचलला नाही. ते जमिनीवर बसून चाचपडत दात शोधत होते.

दादाला लोकांनी फाटकाबाहेर नेल्यावर मी ते दात उचलले. आवारातल्या नळाखाली धुतले. नव्या कवळीवर माती घट्ट बसते, बोटानं घासावं लागलं. काकूंनी पदरात घेतले आणि पुसून नवऱ्याच्या हातात दिले.

फाटकाबाहेर दादा मोटारसायकल चालू करून उभा होता. "बस," तो म्हणाला.

"नाही बसत."

"बस म्हनतो ना!"

"तू जाय दादा. मी एसटीनं येईन."

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि गाडी अशी सोडली की मागच्या चाकानं खडी उडाली. मी स्टँडवर जाऊन जानेफळवरून जाणारी मेहकरची एसटी धरली. काका-काकू त्याच गाडीत होते. काकूंनी सरकून जागा दिली. घाट चढेपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत होत्या, मग माझ्या मुठीवरचा वायरीचा वण बोटानं दाबून म्हणाल्या, "लय जोर हाय वो तुह्या हातात." कौतुक नव्हतं त्यात, आणि शापही नव्हता.

दादानं त्यानंतर महिनाभर माझ्याशी अबोला धरला. बियाण्याचं दुकान त्यानं बंद केलं ते केलंच. आता तिथं पाइप, मोटारी, ठिबकच्या नळ्या विकतो. गळ्यावरची खूण गेली नाही, म्हणून ऐन उन्हाळ्यातही शर्टाचं वरचं बटण लावून असतो. वहिनी सांगते, झोपेत कधी कधी हात गळ्याकडे नेतो.

बाजारच्या दिवशी काका भेटतात. दादा सोबत असला तर लांबूनच रस्ता बदलतात. मी एकटी असले की थांबतात, सोयाबीन कसं आहे ते सांगतात, आणि लंगडत पुढं जातात.